जहाजावरची पंगत

मराठीतील जुनी प्रवासवर्णने व चरित्रे वाचताना एक गोष्ट आमच्या ध्यानात येत गेली आहे. एकोणिसाव्या शतकात समुद्रापलीकडे गेलेल्या माणसांविषयी आपण आवडीने वाचतो, त्यांच्यावर व्याख्याने देतो, शाळेच्या स्नेहसंमेलनात त्यांच्यावरील नाट्यछटा बसवितो. परंतु बोट मुंबईच्या धक्क्यावरून सुटली की पुढच्याच ओळीत ती परतीरास लागलेली असते. मधले तीन आठवडे किंवा दोन महिने कोठे गेले, हे विचारावे असे ना चरित्रकारास सुचते ना समीक्षकास. प्रवचनकारास तर ते मुळीच सुचत नाही. समुद्र म्हणजे दोन प्रकरणांमधले कोरे पान, असाच आपला समज झालेला दिसतो.

त्या कोऱ्या पानाविषयी येथे थोडे लिहावयाचे आहे. निमित्त आहे ते १८८३ सालच्या एप्रिल महिन्याचे. त्या एका महिन्यात दोन मराठी स्त्रिया दोन निरनिराळ्या बंदरांतून निघाल्या. आनंदीबाई जोशी ७ एप्रिल रोजी कलकत्त्याहून निघाल्या आणि ४ जून रोजी न्यूयॉर्कला उतरल्या, वय अठरा. पंडिता रमाबाई त्याच महिन्यात मुंबईहून इंग्लंडला निघाल्या. वय पंचवीस, वैधव्याला जेमतेम सव्वा वर्ष झालेले. दोघी एकमेकींच्या दूरच्या नात्यातल्या. रमाबाईंनी त्याच वर्षी ‘इंग्लंडचा प्रवास’ हे पत्ररूप पुस्तक मराठीत दिले. पुढे १८८९ साली ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त’ हा त्यांचा मोठा ग्रंथ आला. आनंदीबाईंना ग्रंथ लिहिण्याइतके आयुष्यच लाभले नाही. त्यांची पत्रे तेवढी राहिली आणि त्यांच्या आधारे काशीबाई कानिटकरांनी त्यांचे चरित्र लिहिले. मराठी वाचक या साऱ्याला अपरिचित आहे असे नाही. श्री. ज. जोशी यांच्या १९६८ सालच्या ‘आनंदी गोपाळ’ या कादंबरीने एका पिढीला, आणि २०१९ सालच्या त्याच नावाच्या चित्रपटाने दुसऱ्या पिढीला ही कथा पुन्हा सांगितली आहे. प्रश्न परिचयाचा नसून आपण काय वाचतो आणि काय गाळतो याचा आहे.

आम्हीही याला अपवाद नव्हतो, हे आधीच कबूल केलेले बरे. काही वर्षांपूर्वी एका रविवारी आम्ही प्रवचनात रमाबाईंचा दाखला दिला. एप्रिलमध्ये मुंबईहून प्रस्थान, २९ सप्टेंबर १८८३ रोजी वाँटेज येथे कन्या मनोरमेसह बाप्तिस्मा. प्रभूने हाक दिली आणि ती समुद्र ओलांडून गेली, अशा सरळ रेषेत आम्ही ती कथा मांडली. मिस्सा संपल्यावर एक वृद्ध मावशी वस्त्रागाराच्या दाराशी येऊन उभ्या राहिल्या. मूळच्या गोव्याच्या; मुलगा येथील कारखान्यात लागला तेव्हापासून नागोठण्याच्या झालेल्या. त्यांनी विचारले, “फादर, ती बाय भटाची ना? मग बोटीवर इतके दिवस जेवली काय?”

आम्हांला उत्तर देता आले नाही. सेमिनरीत धर्मज्ञानाची, तत्त्वज्ञानाची आणि पवित्र शास्त्राच्या अर्थनिर्णयाची वर्षानुवर्षे घोकंपट्टी केलेली. पण हा प्रश्न आम्ही कधी कोणास विचारला नव्हता आणि आम्हांलाही कोणी विचारला नव्हता. मावशींना तो सुचला यात मात्र नवल नव्हते. त्यांचे वडील बोटीवर भंडाऱ्याचे काम करीत. गोव्यात अशांना तारवटी म्हणतात.

येथे थोडे थांबणे जरूर आहे. १८६९ सालच्या नोव्हेंबरात सुवेझचा कालवा खुला झाला आणि मुंबईहून विलायतेस जाण्याचा काळ महिन्यांवरून आठवड्यांवर आला. त्याआधी १८३० साली मुंबईतच बांधलेली ‘ह्यू लिंडसे’ ही आगबोट सुवेझला पोहोचली, तेव्हा तेवढ्याच टप्प्याला सुमारे महिना लागला होता; वाटेत कोळसा भरण्यातच बरेच दिवस गेले. कालव्यानंतरच्या काळात पी. अँड ओ. कंपनीच्या बोटी नियमित ये-जा करू लागल्या. या बोटींवर कामाची वाटणी जवळजवळ जातवार असे. डेकवरचे खलाशी बहुधा रत्नागिरीकडचे व गुजरातचे, भट्टीत कोळसा घालणारे पंजाब आणि सरहद्दीकडील मुसलमान, आणि प्रवाशांचे स्वयंपाकघर, भोजनगृह व खोल्या सांभाळणारे गोव्याचे ख्रिस्ती. म्हणजे साहेबाच्या मेजावर बशी ठेवणारा हात बव्हंशी आपल्या माणसाचा होता. मुंबईत धोबीतलावाच्या आसपास या मंडळींचे गावोगावचे कूड असत. एका मोठ्या खोलीत भिंतीला लावलेल्या पेट्या, सायंकाळी सर्वांनी मिळून म्हटलेली रोजरी, गावच्या संताचे फेस्त आणि पुढच्या बोटीची वाट पाहणे. मुंबईत जागा न मिळणाऱ्या गरीब माणसाला महिन्याकाठी थोडक्या पैशांत तेथे आसरा मिळे. रमाबाईंच्या वा आनंदीबाईंच्या बोटीवर अमुक गावचा अमुक गोवेकर होता, असे म्हणण्याचा आमचा हेतू नाही. मात्र त्या काळच्या मराठी प्रवासवर्णनांत सुएझ भेटते, एडन भेटते, नाणी वेचण्यासाठी पाण्यात उड्या घेणारी एडनची मुले भेटतात. जेवण वाढणारा माणूस नावाने भेटत नाही. आमच्या समाजाच्या इतिहासाचे हे एक पान दुसऱ्यांच्या पुस्तकात असावयास हवे होते, ते तेथे नाही.

मावशींचा प्रश्न वरवर साधा दिसतो, पण सिंधुबंदीचे मर्म त्यातच आहे. समुद्र ओलांडल्याने बाटतो असे म्हणत. परंतु नुसत्या खाऱ्या पाण्याने कोण बाटणार? बाटविणारी गोष्ट होती ती ताट. कोणी शिजविले, कोणी वाढले, कोणाच्या शेजारी बसून खाल्ले, यावर परत आलेल्या माणसाचे प्रायश्चित्त ठरत असे. समुद्राला दोषी धरले ते एवढ्याचसाठी की तेथे स्वतंत्र चूल मांडणे कठीण. हे आम्ही तर्काने म्हणत नाही. १८९० साली पुण्यात पंचहौद मिशनमध्ये चहा घेतल्यावरून केवढे ग्रामण्य उभे राहिले ते सर्वांस ठाऊक आहे. तेथे समुद्र नव्हता, बोट नव्हती, होता केवळ चहाचा पेला. तरी रानडे आणि टिळक या दोघांसही प्रायश्चित्ताच्या फेऱ्यातून जावे लागले. तो चहा घेणाऱ्यांची नावे वर्तमानपत्रातून चव्हाट्यावर आणणारे गृहस्थ म्हणजे गोपाळराव जोशी, आनंदीबाईंचे यजमान. ज्यांनी पत्नीला एकटीला साठ दिवसांच्या जलप्रवासास धाडले त्यांनीच सात वर्षांनी हा उद्योग करावा! त्या माणसाच्या मनाचा थांग कादंबरीकारासही पुरता लागलेला नाही असे आम्हांला वाटते.

आता रमाबाईंच्या लेखनाकडे वळू. ‘इंग्लंडचा प्रवास’ हे प्रार्थनासमाजातील एका स्नेह्याला उद्देशून लिहिलेले पत्र आहे. ते अर्धे प्रवासवर्णन आणि अर्धे समर्थन आहे. ही बाई कशाला गेली, कोणाच्या पैशाने गेली, बाटणार तर नाही ना, अशी चर्चा मागे चालूच होती. कोणाच्या पैशाने, याचे उत्तर तर अभिमानास्पद होते: आदल्या वर्षी लिहिलेल्या ‘स्त्रीधर्मनीति’ या स्वतःच्या पुस्तकाच्या उत्पन्नातून त्यांनी प्रवासाचा खर्च उभा केला होता. मराठी स्त्रीने स्वतःच्या लेखणीच्या कमाईवर काढलेले बोटीचे तिकीट, एवढ्या एका गोष्टीवर स्वतंत्र निबंध होईल. आम्हांला मात्र त्या लेखनातला सूर अधिक लक्षणीय वाटतो. रमाबाई पुराणिकाच्या घरात वाढल्या. आईवडिलांबरोबर तीर्थामागून तीर्थे पायी तुडवीत, देवळाच्या ओवरीत बसून पुराण सांगणे हा त्या कुटुंबाचा चरितार्थ. त्यामुळे त्यांचे गद्य वाचताना समोर श्रोतृवृंद बसलेला आहे असा भास होतो. त्या समजावून सांगतात, तुलना करतात, श्रोत्यांना मधूनच टोचतात. १८८९ च्या ग्रंथात हा गुण परमावधीला पोहोचला आहे. अमेरिकेची राज्यव्यवस्था, शाळा, स्त्रियांच्या संस्था, यांचे इतके सुबोध वर्णन त्या काळच्या मराठीत क्वचितच सापडेल. पण गुणाची किंमतही द्यावी लागते. लिव्हरपूलहून फिलाडेल्फियापर्यंतच्या हिवाळी समुद्रप्रवासाला तेथे आरंभीची थोडी जागा मिळते. मग ग्रंथ पोहोचण्याच्या घाईला लागतो. जो पुराणिक श्रोत्यांना स्वर्गाची वाट दाखवितो तो वाटेत आपल्याला किती भूक लागली हे सांगत बसत नाही.

म्हणून त्यांच्या ताटाविषयी जाणून घ्यावयाचे तर प्रवासवर्णन सोडून पत्रव्यवहाराकडे जावे लागते. सिस्टर जेराल्डिन यांनी जतन केलेला तो पत्रव्यवहार अ. भि. शहा यांच्या संपादनाखाली १९७७ साली प्रसिद्ध झाला. मूळ पत्रे इंग्रजीत आहेत, परंतु आमच्या वाचकांपैकी ज्यांना शक्य असेल त्यांनी ती अवश्य वाचावीत. फार थोड्या पुस्तकांनी आम्हांला इतके अस्वस्थ केले आहे. रमाबाई बाप्तिस्म्यानंतरही शाकाहारी राहिल्या. मठातील भगिनींना हे खुपत असे. ख्रिस्ती झाल्यावरही मांसान्न वर्ज्य करणे म्हणजे जुन्या जातीचा अहंकार मनात दडलेला असणे, असे त्यांना वाटे. रमाबाईंनी याला दिलेले उत्तर नम्र आहे आणि तितकेच ताठ आहे. तुम्ही ज्याला जातीचा ग्रह म्हणता तो माझ्यात आहे असे हवे तर समजा, पण मी हिंदी माणूस आहे आणि माझ्या वाडवडिलांची राहणी निष्कारण टाकून देण्याचे मला प्रयोजन दिसत नाही, असा त्याचा आशय. जाताना पुण्याची ब्राह्मण मंडळी तिच्या ताटाकडे संशयाने पाहत होती. पोहोचल्यावर आपल्या ख्रिस्ती भगिनी त्याच ताटाकडे संशयाने पाहू लागल्या. समुद्र मध्ये पडला, पण ताटावरची पाळत काही सुटली नाही.

आमच्या प्रवचनातील सरळ रेषा येथे मोडली. दुसऱ्या एका ठिकाणी ती याहून वाईट मोडते. त्या बोटीवर रमाबाई एकट्या नव्हत्या. मनोरमा होती, नुकती दोन वर्षांची झालेली. दोन वर्षांचे मूल घेऊन ज्या मातेने कोणताही लांबचा प्रवास केला असेल, तिला बोटीवरच्या दिनक्रमाची कल्पना आम्ही देण्याची गरज नाही. आणि तिसरी होती आनंदीबाई भगत. रमाबाईंची ही सोबतीण शिक्षणासाठीच त्यांच्याबरोबर निघाली होती. इंग्लंडात पोहोचल्यावर काही महिन्यांतच, रमाबाईंच्या बाप्तिस्म्यापूर्वी, तिने आपल्या हाताने आपल्या जिवाचा अंत करून घेतला. आपल्याला बळेने ख्रिस्ती करतील या भयाने तिला ग्रासले होते असे सांगतात. अशा मरणामागचे कारण कोणी एका वाक्यात सांगू नये, असे आमचे इतक्या वर्षांच्या धर्मगुरुपणानंतरचे मत आहे. पण वस्तुस्थिती एवढी की तिघी निघाल्या आणि वर्षअखेरीस दोघी उरल्या. आमच्या प्रवचनात तिचा उल्लेख नव्हता. आमच्याकडील रमाबाईंवरच्या बहुतेक लेखांतही तो नसतो, असला तरी एका ओळीपुरता. एका बोटीवर शेजारी बसून निघालेल्या दोघी स्त्रियांना त्याच प्रवासाने दोन टोकांना नेले. एकीच्या कथेला आपण साक्ष म्हणतो. दुसरीच्या कथेला आपल्याजवळ शब्दच नाही, म्हणून आपण बोटच गाळून टाकतो.

आनंदीबाई जोशींच्या बाबतीत हा प्रश्न आणखी जवळ येतो. त्यांच्या प्रवासाच्या मुळाशीच एक ख्रिस्ती अट होती. पत्नीच्या शिक्षणासाठी अमेरिकेत साहाय्य मिळावे म्हणून गोपाळरावांनी मिशनऱ्यांकडे पत्रद्वारे विनंती केली. कोल्हापुरात अनेक वर्षे राहून मायदेशी परतलेले रेव्हरंड वाइल्डर यांनी ते पत्र आपल्या मासिकात छापले आणि उत्तरात आधी ख्रिस्त स्वीकारण्याचा उपदेश केला. मदत मिळाली ती त्या उपदेशाकडून नाही. न्यू जर्सीतील रोझेल गावच्या श्रीमती कार्पेंटर दंतवैद्याकडे आपली पाळी येण्याची वाट पाहत बसल्या असता तो अंक त्यांच्या हाती पडला, आणि त्यांनी कोणतीही अट न घालता या अनोळखी मुलीला पत्र लिहिले. निघण्यापूर्वी श्रीरामपूर येथे केलेल्या भाषणात आनंदीबाईंनी आपण हिंदू म्हणून जाणार व हिंदू म्हणूनच परत येणार असे बजावून सांगितले होते. एवढे बजावून जी मुलगी बोटीवर चढली तिच्या सोबतीला होत्या त्या मिशनरी स्त्रिया.

या दोन महिन्यांविषयी आनंदीबाईंची पत्रे व काशीबाईंचे चरित्र जे सांगतात ते वाचताना ख्रिस्ती वाचकाची मान खाली जाते. नऊवारीतली शाकाहारी मुलगी, भोवती सारे परके, जेवणाचे हाल, आणि ज्यांच्या भरवशावर पाठविले त्या सोबतिणींशी पडत गेलेला दुरावा. वाङ्मय म्हणून पाहिले तर ही पत्रे रमाबाईंच्या ग्रंथापेक्षा विस्कळीत आहेत. लेखनाची तयारी नाही, माहितीची शिस्त नाही. परंतु जहाजावरचे जिणे कळावयाचे ते अशाच लेखनातून. पत्र वाचणारा घरचा असतो, आणि घरच्या माणसाला सुएझच्या कालव्याची रुंदी नको असते. जेवलीस का, झोप लागते का, कोणी टाकून बोलते का, हे त्याला हवे असते. गोपाळरावांसारखा कठोर मास्तर पलीकडे असतानाही ही मुलगी मन मोकळे करते, कारण साऱ्या समुद्रावर तिला दुसरे कोणी नाही. काशीबाईंच्या समीक्षादृष्टीचे येथे कौतुक वाटते. त्यांनी ही पत्रे सजविण्याच्या भरात गाळली नाहीत. एका मराठी स्त्रीने दुसऱ्या मराठी स्त्रीचे चरित्र लिहिण्याचा हा पहिलावहिला प्रयत्न, पण कित्येक नंतरच्या चरित्रकारांपेक्षा त्यांना सामान्य गोष्टींची किंमत अधिक कळत होती.

आपल्याकडे समुद्रप्रवास लिहिणारांत सर्वांत श्रेष्ठ कोण, असे कोणी आम्हांस विचारले तर आम्ही संत लूकचे नाव घेऊ. प्रेषितांच्या कृत्यांचा सत्ताविसावा अध्याय आपण कधीतरी वाचतो आणि विसरतो. समीक्षकाच्या डोळ्यांनी तो पुन्हा वाचावा. पौल कैदी आहे, आलेक्सांद्रियाचे धान्याचे गलबत आहे, शतपती आहे, खलाशी आहेत, वादळ चौदा दिवस घोंगावते आहे. लूक कोणता वारा कोणत्या दिशेने आला, किती वाव पाणी लागले, नांगर किती टाकले, खलाशांनी पडाव सोडून पळून जाण्याचा बेत कसा केला, हे सारे सांगतो. माणसे किती होती तेही सांगतो: दोनशे शहात्तर. आणि मग तो येतो जेवणावर. चौदा दिवस कोणी धड खाल्लेले नाही. पौल सर्वांदेखत भाकर घेतो, देवाचे आभार मानतो, मोडतो आणि खाऊ लागतो. त्याला पाहून बाकीच्यांना धीर येतो आणि तेही खातात. त्या दोनशे शहात्तरांत यहुदी किती, रोमी किती, मूर्तिपूजक किती, याची नोंद लूक घेत नाही. पौल कोणाला आधी विश्वास धरावयास सांगत नाही. भाकर मोडण्याची ती शब्दयोजना आपण वेदीपाशी रोज ऐकतो तीच आहे, म्हणून टीकाकारांत तिच्याविषयी बरीच चर्चा झालेली आहे. तिच्यात आम्ही येथे शिरत नाही. लूकने हा अध्याय ‘आम्ही’ म्हणून लिहिला आहे, एवढेच नोंदवितो. तो त्या बोटीवर होता, किंवा निदान बोटीवर असल्यासारखे कसे लिहावे हे त्याला ठाऊक होते. वाइल्डरसाहेबांच्या मासिकात हा अध्याय कधी छापला गेला असल्यास तो त्यांनी पुरेसा सावकाश वाचला नसावा.

‘क्रिस्तपुराण’कर्ते फादर स्टीफन्स हे आणखी एक. ते एकोणिसाव्या शतकाचे नव्हेत, पण आमच्या वाचकांच्या घरचेच, म्हणून उल्लेख टाळवत नाही. ४ एप्रिल १५७९ रोजी लिस्बन सोडून २४ ऑक्टोबरला ते गोव्यास पोहोचले आणि लगेच वडिलांना पत्र लिहून बसले. काव्यातले स्टीफन्स आपल्याला माहीत आहेत. पत्रातले स्टीफन्स हिरड्या सुजलेल्या माणसांविषयी, पाय सुजून हातपाय हलविता न येणाऱ्यांविषयी लिहितात. दीडशेहून अधिक आजारी, त्यांतले सत्तावीस मेले, आणि हा आकडा इतर वर्षांच्या मानाने थोडाच धरला गेला, हे ते जसेच्या तसे सांगतात. बोटीवरची लहान मुले मोठ्यांपेक्षा बरी टिकली, हेही त्यांच्या नजरेतून सुटत नाही. पुढे मराठी भाषेला मोगरीची आणि कस्तुरीची उपमा देणारी दृष्टी याच माणसाची, हे ते पत्र वाचल्यावर पटते.

ज्यांनी पत्रच लिहिले नाही त्यांचे काय? १८३४ पासून पुढे कित्येक दशके मॉरिशसच्या उसाच्या मळ्यांकडे मजूर गेले. त्यांत मुंबई बंदरातून गेलेले मराठी लोकही होते आणि त्यांचे वंशज तेथे आजही मराठी सण करतात. करारनाम्यावर अंगठा देऊन निघालेल्या या माणसांना स्वतंत्र चूल कोण देणार? तांदूळ, डाळ, सुकी मासळी एका भांड्यात शिजे आणि मिळेल त्या हाताने वाढले जाई. किनारा सुटल्यावर पहिल्या काही दिवसांतच जात गळून पडे. मागून त्यांच्यात एक नवे नाते रूढ झाले: जहाजभाई. एका जहाजावर जेवलेली माणसे जन्मभर एकमेकांना सख्खी मानीत; मुलांची लग्ने ठरविताना ते नाते आड येई इतके. सलूनमधल्या मेजाला जे साधले नाही ते डेकखालच्या हंड्याला साधले. मात्र यांतल्या कोणाचे ‘प्रवासवृत्त’ मराठीत नाही. वाङ्मयाचा इतिहास तिकीट परवडणाऱ्यांनीच लिहिला, अशी तक्रार कोणी केली तर आमच्याजवळ तिचे उत्तर नाही.

आमच्या नागोठण्याला या साऱ्याशी काय कर्तव्य, असे येथील तरुण वाचक विचारतील; त्यांना नागोठणे म्हणजे महामार्ग, रोहा लोकलगाडीच्या वाटेवरचे स्थानक आणि कारखान्याची चिमणी. पण आपले गाव बंदर होते. धरमतरच्या खाडीतून अंबा नदीत भरतीच्या पाण्यावर मुंबईचे पडाव येथवर चढत. महाबळेश्वरला निघालेले साहेब येथे उतरून मेण्यातून महाडच्या वाटेला लागत, आणि ओहोटी लागली की पुढच्या भरतीपर्यंत साहेब आणि हमाल एकाच चिखलाकडे पाहत बसत. ज्या १८८३ साली त्या दोघी निघाल्या त्याच साली कुलाबा जिल्ह्याचे सरकारी गॅझेटियर छापले गेले. त्यात बंदरे आहेत, मालाची आवकजावक आहे. पडावात बसलेल्यांनी फडक्यात काय बांधून आणले होते, हे त्यातही नाही.

मावशींना आम्ही यथावकाश उत्तर दिले. रमाबाई मांस खात नव्हत्या, आनंदीबाईही नाही; दोघींचे हाल झाले असणार, असे सांगितले. त्या म्हणाल्या, “त्यांना खायला घालणाऱ्याला ठाऊक असणार, फादर. आमचा बाबा म्हणायचा, पाशिंजरांची नावं कळत नसत, पण कोण काय खात नाही ते पाठ असायचं. कोणाचं ताट तसंच परत आलं की भंडारी रात्री बटाटे उकडून ठेवायचा.”

गेल्या २ नोव्हेंबरला, मृत भाविकांच्या स्मरणदिनी, कुटुंबांनी दिलेल्या नावांची यादी नेहमीप्रमाणे मिस्सापूर्वी वाचली गेली. त्या यादीच्या शेवटी आम्ही आमच्या हाताने ‘आनंदीबाई भगत’ हे नाव लिहिले होते. यादी वाचणारी कॉलेजातली मुलगी तेथे अडखळली. आपल्या धर्मग्रामात भगत आडनावाचे घर नाही. तिने आमच्याकडे पाहून हळूच विचारले, “फादर, हे कोणाकडचं?” आम्ही काही बोलण्यापूर्वी पहिल्या बाकावरून मावशी म्हणाल्या, “बोटीवरची गं ती. वाच.”